आपल्याच पक्षातल्या माणसाची भीती कशी दाखवतात?

पहाटेचे तीन वाजलेत, मुलं गाढ झोपली आहेत, आणि तिकडे व्हाइट हाउसमध्ये फोन वाजतोय. जगात कुठंतरी काहीतरी घडलंय. हा फोन कुणी उचलायचा, ते तुमचं मत ठरवणार आहे. २९ फेब्रुवारी २००८ ला टेक्सासमध्ये टीव्हीवर सुरू झालेल्या अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीचा हा गोषवारा. जाहिरात हिलरी क्लिंटन यांची आणि रोख बराक ओबामांवर. ओबामांचं नाव मात्र तिच्यात एकदाही येत नाही. आरोप नाही, आकडा नाही. अंधाऱ्या खोल्या, झोपलेली मुलं, दारातून डोकावणारी आई, वाजत राहिलेला फोन, आणि शेवटी चष्मा लावून रिसीव्हर कानाला धरलेल्या क्लिंटन.

हे दोघंही डेमोक्रॅटिक पक्षाचेच होते. विरोधी पक्षाची भीती दाखवणं आपल्याला नवं नाही, प्रत्येक निवडणुकीत आपण ते पाहतो. पण आपल्याच पक्षातल्या, उद्या ज्याच्या शेजारी मंचावर बसायचं आहे त्या माणसाची भीती मतदारांना दाखवायची, हा प्रकार वेगळा आहे. त्याची रीत वेगळी आणि परिणामही वेगळे.

आधी प्रायमरी म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचं ते पक्षश्रेष्ठी ठरवतात. इच्छुक मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करतात, यादी जाहीर होते, ज्याचं नाव नसेल तो बंडखोरी करतो नाहीतर गप्प बसतो. २०१४ च्या लोकसभेआधी काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत प्रायमरीचा प्रयोग करून पाहिला, पण तो रुजला नाही. अमेरिकेत मात्र उमेदवार कोण हे पक्षाचे सामान्य मतदारच मत देऊन ठरवतात. अध्यक्षपदासाठी हे मतदान राज्याराज्यांत वेगवेगळ्या तारखांना, वर्षाच्या सुरुवातीपासून जूनपर्यंत चालतं. काही राज्यांत मतपेटीऐवजी सभा भरवून कौल घेतात, त्याला कॉकस म्हणतात. जो जास्त प्रतिनिधी जिंकेल त्याला उन्हाळ्यातल्या अधिवेशनात उमेदवारी मिळते. टेक्साससारख्या राज्यात मतदारांची पक्षनिहाय नोंदच नसते, त्यामुळे कुणीही कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो.

आता मतदाराच्या जागी उभे राहा. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत उमेदवाराच्या नावापुढे पक्ष लिहिलेला असतो आणि बहुतेकांचा निर्णय तिथंच होतो. प्रायमरीत ती खूण उपयोगाची नसते. दोघंही आपलेच, दोघांची धोरणं जवळपास सारखी. २००८ मध्ये इराकमधून सैन्य परत आणू असं क्लिंटनही म्हणत होत्या आणि ओबामाही. आरोग्यविम्याच्या योजनांत फरक होता, पण तो समजून घ्यायला तासभर खर्ची घालावा लागला असता. अशा वेळी मतदाराचं मन हलतं असतं, शेवटच्या दोन-तीन दिवसांतही ते बदलतं. उरतो तो माणूस, त्याचा स्वभाव, त्याच्यावर टाकता येईल तेवढा विश्वास. आणि भीतीला नेमकी हीच जागा सापडते.

हे नुसतं अनुमान नाही. टेड ब्रेडर या राज्यशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीच्या ऐन प्रचारात एक प्रयोग केला. लोकांना बोलावून टीव्हीच्या बातम्या दाखवल्या आणि बातम्यांच्या मधे प्रचाराची जाहिरात घातली. गुन्हेगारी, अमली पदार्थ, धोक्यात असलेली मुलं असा मजकूर ऐकवला. काही जणांना तो साध्या चित्रांसह, संगीताशिवाय दाखवला. बाकीच्यांना शब्द तेच, पण सोबत काळीकरडी दृश्यं आणि बेचैन करणारं संगीत. शब्दांत काडीचा फरक नसताना परिणाम वेगळा झाला. ज्यांनी भीतीची चित्रं पाहिली त्यांची आधीची पसंती सैल पडली. ते नव्याने तोलू लागले, समोरच्या उमेदवाराकडे वळायला तयार झाले. उत्साह जागवणाऱ्या आनंदी जाहिरातींनी उलट घडलं. जो ज्याच्या बाजूचा होता तो तिथंच अधिक घट्ट झाला.

म्हणजे जो पुढे आहे त्याला उत्साह हवा असतो आणि जो मागे पडलाय त्याला भीती उपयोगी पडते, कारण त्याला लोकांची ठरलेली मनं हलवायची असतात. २००८ च्या फेब्रुवारीत क्लिंटन मागे पडल्या होत्या. ५ फेब्रुवारीच्या सुपर ट्यूसडेनंतर (त्या एकाच दिवशी बऱ्याच राज्यांत मतदान होतं) त्या महिन्यातली उरलेली एकूण एक लढत ओबामांनी जिंकली होती. ४ मार्चला टेक्सास आणि ओहायो हरल्या असत्या तर त्यांची मोहीम तिथंच संपली असती. जाहिरात त्याच्या चार दिवस आधी आली, त्यामागे हे गणित होतं.

ब्रेडर यांच्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भीतीला भोळेभाबडे लोक बळी पडतात आणि राजकारण समजणारे सावध राहतात, असा आपला समज असतो. प्रयोगात दिसलं ते याच्या उलट. राजकारणाची जास्त माहिती असलेल्यांवर भावनिक जाहिरातींचा परिणाम अधिक झाला. ज्याला जगात काय चाललंय ते ठाऊक असतं त्याला सूचक चित्र पुरतं, बाकीचं तो स्वतःच्या मनात जोडतो. तेव्हा रोज चार वर्तमानपत्रं वाचणाऱ्याने आपण यातून सुटलो असं धरून चालू नये.

त्या तीन वाजताच्या जाहिरातीत खोटं असं एकही विधान नव्हतं, आणि म्हणूनच तिचा अभ्यास करावासा वाटतो. तिने एवढंच केलं की मतदारापुढचा प्रश्न बदलला. "तुमचं आरोग्यविम्याबद्दल काय मत आहे?" हा प्रश्न बाजूला पडला आणि "तुमची मुलं सुरक्षित आहेत का?" हा पुढे आला. एकदा तो प्रश्न मान्य केला की उत्तर अनुभवी माणसाकडेच जाणार, अशी तिची बांधणी होती. पण धोका कसला? कुठल्या देशाकडून? फोन आल्यावर क्लिंटन करणार काय? यातलं काहीही जाहिरात सांगत नाही.

हे प्रश्न त्याच दिवशी विचारले गेले. क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांनी फोनवर पत्रकार परिषद घेतली होती. एका पत्रकाराने विचारलं, परराष्ट्र धोरणातल्या कुठल्या आणीबाणीत त्यांची अशी कसोटी लागली होती, ते सांगा. लाईनवर शांतता पसरली. ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं व्हावं इतकी ती लांबली. मग सिनेटच्या सैन्यदलविषयक समितीवरचं काम, पाठिंबा दिलेल्या सेनाधिकाऱ्यांची नावं असं काहीबाही पुढे आलं, पण नेमका प्रसंग कुणाला सांगता आला नाही. अनुभव सिद्ध करायचं ओझं मग त्यांच्याच गळ्यात पडलं. मार्चच्या मध्यावर क्लिंटन यांनी १९९६ च्या बोस्निया भेटीत आपण गोळीबारातून उतरलो असं सांगितलं. जुनं चित्रीकरण बाहेर आलं, तर त्यात विमानतळावर एक लहान मुलगी त्यांचं स्वागत करताना दिसत होती. आपण चुकीचं बोललो हे त्यांना कबूल करावं लागलं.

ओबामांनी उत्तराला वेळ लावला नाही. तसाच फोन, तशीच झोपलेली मुलं घेऊन त्यांची जाहिरात त्याच दिवशी तयार होती. तिचा मुद्दा असा की अनुभवापेक्षा पारख महत्त्वाची, आणि इराक युद्धाला सुरुवातीपासून विरोध कुणी केला ते आठवा. २००२ मध्ये सिनेटमध्ये युद्धाच्या बाजूने मत देणाऱ्यांत क्लिंटन होत्या. उत्तर चपखल होतं, पण बारकाईने पाहिलं तर ओबामांनीही तो वाजणारा फोन आणि ती भीती मान्यच केली होती.

हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ ऑर्लँडो पॅटर्सन यांनी तेव्हाच एक वेगळा आक्षेप घेतला. रात्र, झोपलेली गोरी मुलं, बाहेर दबा धरलेलं संकट आणि समोर कृष्णवर्णीय प्रतिस्पर्धी. या चित्रात अमेरिकेतली वर्णद्वेषाची जुनी भीती जागी होते, असं त्यांचं म्हणणं. क्लिंटन यांच्या बाजूने ते साफ फेटाळलं गेलं. करणाऱ्यांच्या मनात काय होतं ते आपण सांगू शकत नाही. पण सूचक चित्र पडद्यावर सोडलं की ते कुणाच्या मनातल्या कुठल्या भीतीला जाऊन चिकटेल यावर करणाऱ्याचा ताबा राहत नाही, आणि माझ्या मते त्याची जबाबदारी करणाऱ्यावर येतेच.

४ मार्चला क्लिंटन यांनी ओहायो जिंकलं, टेक्सासची प्रायमरीही थोडक्या फरकाने जिंकली. श्रेय एकट्या जाहिरातीला देता येत नाही. त्याच दिवसांत नाफ्टा या कॅनडा-मेक्सिकोबरोबरच्या व्यापार करारावरून ओबामांची मोहीम अडचणीत आली होती. शिवाय टेक्सासमध्ये प्रायमरीसोबत कॉकसही होतं, ते ओबामांनी मारलं आणि राज्यातले जास्त प्रतिनिधी शेवटी त्यांच्याच पदरात पडले. जूनमध्ये क्लिंटन यांनी माघार घेतली. ओबामा अध्यक्ष झाले आणि परराष्ट्रमंत्रिपद त्यांनी क्लिंटन यांनाच दिलं. दहा महिन्यांपूर्वी ज्याच्या हाती फोन देणं धोक्याचं म्हटलं, त्याच्याच मंत्रिमंडळात त्या गेल्या. प्रायमरीतली भीती किती मनापासून दाखवलेली असते, ते यावरून कळतं.

फोनची कल्पनाही नवी नव्हती. १९८४ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत माजी उपाध्यक्ष वॉल्टर मॉण्डेल यांना गॅरी हार्ट या तरुण सिनेटरने न्यू हॅम्पशायरमध्ये हरवलं, तेव्हा मॉण्डेल यांच्याकडून लाल दिवा लुकलुकणाऱ्या फोनची जाहिरात आली होती. ती करणारे टेक्सासचे जाहिरातकार रॉय स्पेन्स २००८ मध्ये क्लिंटन यांच्या चमूत होते. मॉण्डेल यांना उमेदवारी मिळाली. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली.

जगातल्या संकटाची भीती ही त्यातल्या त्यात सभ्य म्हणावी अशी. डेमोक्रॅटिक मतदारांत याहून जास्त चालते ती हरण्याची भीती: हा माणूस चांगला आहे, पण याला तिकीट दिलं तर आपण बुडू. डिसेंबर २००३ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीत हॉवर्ड डीन सर्वांच्या पुढे होते. तेव्हा एका जाहिरातीत ओसामा बिन लादेनचा चेहरा पडद्यावर हळूहळू जवळ येत गेला, आणि परराष्ट्र धोरणात डीन हे तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज बुश (धाकटे) यांच्यापुढे टिकूच शकणार नाहीत असं सांगितलं गेलं. जाहिरात कुठल्या उमेदवाराची नव्हती, एका लांबलचक नावाच्या गटाची होती. पैसे देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी डेमोक्रॅटिक उमेदवारांचे समर्थक होते, पण नावं बाहेर आली तोवर आयोवाचं मतदान होऊन गेलं होतं आणि डीन तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले होते. त्या गटाचे प्रवक्ते होते रॉबर्ट गिब्ज. पुढे व्हाइट हाउसमध्ये ओबामांचे माध्यम सचिव झाले ते हेच.

यापुढची पायरी कुजबुजीची. ती लिहितानाही वाईट वाटतं. १ फेब्रुवारी २००० ला जॉन मकेन यांनी न्यू हॅम्पशायरच्या रिपब्लिकन प्रायमरीत याच धाकट्या जॉर्ज बुश यांना १८ टक्क्यांहून जास्त फरकाने हरवलं. पुढची मोठी लढत १९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात होती. मधल्या दिवसांत तिथं पत्रकं फिरली, फोन आले. काही फोन जनमत चाचणीच्या नावाखाली होते: मकेन यांना विवाहबाह्य संबंधातून कृष्णवर्णीय मूल आहे असं कळलं, तर तुमचं मत बदलेल का? वास्तवात मकेन दाम्पत्याने मदर तेरेसांच्या ढाक्यातल्या अनाथाश्रमातून एका आजारी बाळाला आणून दत्तक घेतलं होतं. सावळ्या रंगाची ती मुलगी तेव्हा लहान होती आणि वडिलांसोबत प्रचारात दिसत होती. फोनवरचं वाक्य पुन्हा वाचा. त्यात विधानच नाही, फक्त "कळलं तर" आहे. खोटं बोललात असं म्हणायची सोय नाही, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात तर ते गेलेलं असतं. बुश यांच्या मोहिमेने आपला संबंध नाकारला आणि हे कुणी केलं ते कधीच सिद्ध झालं नाही. बुश ५३ विरुद्ध ४२ टक्क्यांनी जिंकले आणि त्या वर्षीची उमेदवारीही शेवटी त्यांनाच मिळाली.

लाजेची भीतीही वापरतात. अमेरिकेत तुम्ही कुणाला मत दिलं ते गुप्त असतं, पण मत दिलं की नाही याची नोंद उघड असते. ऑगस्ट २००६ मध्ये मिशिगनच्या प्रायमरीआधी संशोधकांनी १ लाख ८० हजार घरांवर प्रयोग केला. काही घरांत पत्रं गेली, त्यात घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी मागच्या वेळी मत दिलं होतं का ते नावानिशी छापलेलं, आणि मतदानानंतर नवी यादी पुन्हा सगळ्यांना पाठवू असं बजावलेलं. ज्यांना काहीच पत्र गेलं नाही त्यांच्यात २९.७ टक्के मतदान झालं, या घरांत ३७.८ टक्के. नुसत्या एका पत्राने आठ टक्के. प्रचार सल्लागारांच्या नजरेतून हे सुटणार नव्हतं. २०१६ च्या आयोवा कॉकसआधी रिपब्लिकन उमेदवारी मागणाऱ्या टेड क्रूझ यांच्या मोहिमेने सरकारी नोटिशीसारखी दिसणारी पत्रं पाठवली. वर ठळक अक्षरांत मतदानातल्या उल्लंघनाचा मथळा, खाली शेजाऱ्यांची नावं आणि त्यांना दिलेले गुण. मत न देणं हे अमेरिकेत उल्लंघन नाहीच. निवडणुकांचा कारभार पाहणारे आयोवाचे राज्य सचिव पॉल पेट स्वतः रिपब्लिकन होते, तरी त्यांनी जाहीर निषेध केला. क्रूझ यांनी माफी मागितली नाही, आणि आयोवा जिंकलं.

मग भीती दाखवणं सरसकट वाईट का? मला तसं वाटत नाही. धोका खरा असेल तर तो न सांगणाराच दोषी. याचं सगळ्यात अवघड उदाहरण १९८८ चं आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये कैद्यांना अल्प मुदतीची सुट्टी द्यायची योजना होती. ती १९७२ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात सुरू झाली होती, आणि अशाच योजना इतर अनेक राज्यांत, केंद्रीय तुरुंगांतही होत्या. पण मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मठेपेच्या खुन्यांनाही सुट्टी मिळे. विली हॉर्टन हा असाच एक कैदी १९८६ मध्ये सुट्टीवर गेला तो परतलाच नाही. पुढच्या वर्षी मेरीलँडमध्ये त्याने एका जोडप्याच्या घरात शिरून बलात्कार आणि मारहाण केली. तेव्हाचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस आता डेमोक्रॅटिक उमेदवारी मागत होते. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या प्रायमरीआधीच्या वादसभेत अल गोर यांनी त्यांना या योजनेबद्दल विचारलं. हॉर्टनचं नाव त्यांनी घेतलं नाही. प्रश्न धोरणाचा होता, गव्हर्नरला विचारावा असाच होता, आणि डुकाकिस यांच्याकडे धड उत्तर नव्हतं. गोर यांना त्याचा फायदा झाला नाही. न्यूयॉर्कमध्ये त्यांना दहा टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि त्यांनी मोहीम आवरली.

पण त्या वादसभेतला हा धागा रिपब्लिकन जॉर्ज बुश थोरले यांच्या संशोधकांनी उचलला. त्यांना आयतंच कोलीत मिळालं होतं. मे महिन्यात न्यू जर्सीतल्या पॅरॅमसमध्ये त्यांनी डुकाकिस यांच्याकडे झुकलेल्या मतदारांच्या छोट्या गटांपुढे हा मुद्दा आणखी एक-दोन मुद्द्यांसोबत मांडून पाहिला. निम्म्याच्या आसपास लोक तिथल्या तिथे फिरले. सप्टेंबरमध्ये एका बाहेरच्या गटाच्या जाहिरातीत हॉर्टनचा चेहरा देशभर दिसला, कृष्णवर्णीय गुन्हेगाराचा चेहरा, आणि गोर यांच्या प्रश्नात जे धोरण होतं त्यातलं काहीच उरलं नाही. बुश यांच्या अधिकृत मोहिमेची जाहिरात ऑक्टोबरमध्ये आली, तिच्यात कैदी फिरत्या दारातून आत जाऊन लगेच बाहेर पडताना दिसत होते. अधिवेशनानंतर १७ टक्क्यांनी पुढे असलेले डुकाकिस ४० राज्यांत हरले.

इशारा कुठं संपतो आणि बागुलबुवा कुठं सुरू होतो, ते या एका मुद्द्याच्या प्रवासात दिसतं. एप्रिलमध्ये विचारणारा समोर उभा होता, उत्तर देणारा समोर उभा होता, आणि विषय होता तो कायदा. सप्टेंबरपर्यंत कायदा गेला होता, उरला होता एक चेहरा.

एडिसन, ह्यूस्टन किंवा सॅन होजेतले मराठी मतदार नागरिकत्व मिळाल्यावर या प्रायमरीत मत देतात, आणि टपालातून, टीव्हीवरून, मोबाइलवर हे सगळं त्यांच्याही घरी येतं. २००२ मध्ये अमेरिकी संसदेने एक कायदा केला. त्याच्या दोन मुख्य प्रवर्तकांपैकी एक होते जॉन मकेन. त्यानुसार संसदेच्या आणि अध्यक्षपदाच्या उमेदवाराला टीव्ही-रेडिओवरच्या आपल्या जाहिरातीत स्वतःच्या आवाजात सांगावं लागतं की हा मजकूर मला मान्य आहे. म्हणून अशा जाहिरातीत आवाज कुणाचा आहे ते आधी ऐकावं. उमेदवाराचा नसेल तर पैसे दिलेल्या गटाचं नाव बारीक अक्षरांत असतं. त्या गटाला पैसे कुणी दिले ते शोधायला अमेरिकेच्या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर जावं लागतं, आणि डीन यांच्या वेळी झालं तसं, ती नावं पुष्कळदा प्रायमरी होऊन गेल्यावर बाहेर येतात.